शस्त्रक्रियेचा विमा दावा नाकारल्यास दाद (भारत)

शस्त्रक्रियेच्या खर्चाचा आरोग्य विमा दावा विमा कंपनीने पूर्णतः किंवा अंशतः नाकारल्यास त्या निर्णयाविरुद्ध विमाधारकाला दाद मागता येते. भारतात यासाठी प्रामुख्याने तीन ठिकाणे आहेत : विमा कंपनीचा स्वतःचा तक्रार निवारण अधिकारी, विमा लोकपाल आणि ग्राहक आयोग. लोकपालाकडे जाण्यापूर्वी कंपनीकडे लेखी तक्रार करणे बंधनकारक आहे. ग्राहक आयोगाकडे मात्र थेटही जाता येते. भारतीय विमा नियामक आणि विकास प्राधिकरणाच्या २०२३-२४ च्या वार्षिक अहवालानुसार आरोग्य विम्याच्या दाव्यांपैकी संख्येने सुमारे ८३ टक्के दावे निकाली काढून रक्कम देण्यात आली, तर सुमारे ११ टक्के नाकारण्यात आले. नाकारलेला प्रत्येक दावा अन्यायाने नाकारलेला असतो असे नाही. परंतु नकाराचे पत्र हा त्या विषयातील शेवटचा शब्दही नसतो.

पार्श्वभूमी

भारतात व्यक्तिगत आरोग्य विमा सर्वसामान्यांपर्यंत पोचला तो १९८६ साली सार्वजनिक क्षेत्रातील सर्वसाधारण विमा कंपन्यांनी आणलेल्या ‘मेडिक्लेम’ योजनेमुळे. हे नाव इतके रूढ झाले की आजही अनेक घरांत कोणत्याही कंपनीच्या आरोग्य विम्याला मेडिक्लेम असेच म्हणतात. विमा नियामक व विकास प्राधिकरण अधिनियम, १९९९ नुसार नियामक संस्था अस्तित्वात आली आणि खाजगी कंपन्यांना विमा व्यवसाय खुला झाला. २००१ साली त्रयस्थ प्रशासकांसाठी, म्हणजे टीपीएंसाठी, नियम करण्यात आले. रुग्णालय आणि विमा कंपनी यांच्यामधील कागदपत्रांची ने-आण व छाननी टीपीए करतो. पण दावा नाकारण्याचा निर्णय कंपनीचा असतो आणि तो सकारण कळवण्याची जबाबदारीही कंपनीचीच असते. रुग्णालयाच्या खिडकीवर ‘टीपीएने नाकारले’ असे तोंडी सांगितले जाते, तेव्हा हा भेद लक्षात ठेवणे आवश्यक ठरते.

कॅशलेसचा नकार आणि दाव्याचा नकार

या दोन गोष्टींतील गल्लत हे विमाधारकांच्या नुकसानीचे एक मोठे कारण आहे. नियोजित शस्त्रक्रियेपूर्वी रुग्णालय विमा कंपनीकडे पूर्वपरवानगी मागते. ती मिळाल्यास रुग्णाला रोख रक्कम भरावी लागत नाही. या सोयीला कॅशलेस म्हणतात. पूर्वपरवानगीच्या टप्प्यावर कंपनीपुढे केवळ प्राथमिक निदान, अंदाजपत्रक आणि काही अहवाल असतात. तेवढ्यावरून देयता ठरवता येत नाही, असे कारण देऊन कंपनी कॅशलेस नाकारू शकते. हा दाव्यावरील निर्णय नव्हे. शस्त्रक्रिया करून घेऊन, देयक स्वतः भरून, नंतर संपूर्ण कागदपत्रांसह प्रतिपूर्तीचा दावा करण्याचा हक्क अबाधित असतो. तरीही कॅशलेस नाकारल्याचे कळताच ‘विमा मिळणार नाही’ असे गृहीत धरून अनेक कुटुंबे पुढे दावाच दाखल करीत नाहीत. काही वेळा तर शस्त्रक्रियाच लांबणीवर पडते, आणि मग आजाराचे नुकसान विम्याच्या नुकसानीपेक्षा मोठे होते.

पूर्वपरवानगी नाकारली गेली तरी, शस्त्रक्रिया तातडीची नसल्यास, शस्त्रक्रियातज्ज्ञाचे सविस्तर पत्र जोडून रुग्णालयामार्फत त्याच विनंतीचा फेरविचार मागता येतो. प्राधिकरणाच्या २९ मे २०२४ च्या आरोग्य विमा मास्टर परिपत्रकानुसार कॅशलेसच्या विनंतीवर एका तासाच्या आत आणि रुग्णालयातून सुटीच्या वेळी अंतिम मंजुरीवर तीन तासांच्या आत निर्णय होणे अपेक्षित आहे. अंतिम मंजुरीस तीन तासांहून अधिक विलंब झाल्याने रुग्णालयाने जादा आकारणी केली, तर ती विमा कंपनीने सोसावयाची आहे.

नकाराची सामान्य कारणे

आधीपासूनचा आजार. विमा घेण्यापूर्वी निदान झालेला किंवा ज्यावर उपचार घेतलेले आहेत असा आजार विशिष्ट प्रतीक्षा काळानंतरच विम्याच्या कक्षेत येतो. हा काळ पूर्वी जास्तीत जास्त ४८ महिने असे. १ एप्रिल २०२४ पासून लागू झालेल्या विनियमांनी तो जास्तीत जास्त ३६ महिने केला. वादाचा उगम बहुधा रुग्णालयाच्या केसपेपरवर होतो. रुग्ण दाखल होताना निवासी डॉक्टर नातेवाइकांना प्रश्न विचारून ‘पाच वर्षांपासून रक्तदाब’ अशी नोंद करतो. नातेवाईक गडबडीत असतात, वर्षे अदमासाने सांगितली जातात आणि तीच ओळ पुढे नकाराच्या पत्रात कारण म्हणून अवतरते. अशी नोंद चुकीची असल्यास उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडून, मूळ निदानाच्या तारखेच्या पुराव्यासह, दुरुस्तीचे पत्र घ्यावे लागते. विम्यातील वगळणी लागू होते हे सिद्ध करण्याचा भार विमा कंपनीवर असतो, हे न्यायालयांनी वारंवार स्पष्ट केले आहे. केवळ इतिहासाच्या रकान्यातील एका ओळीवर, अन्य कोणत्याही वैद्यकीय पुराव्याशिवाय, दिलेला नकार ग्राहक आयोगांपुढे अनेकदा टिकलेला नाही.

माहिती दडवल्याचा आरोप. विम्याचा करार परम सद्भावनेच्या तत्त्वावर उभा असतो. प्रस्तावपत्रात विचारलेल्या प्रश्नांची खरी उत्तरे देणे हे विमाधारकाचे कर्तव्य आहे. २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने एका मेडिक्लेम प्रकरणात, मधुमेह व मूत्रपिंडाचा विकार असताना प्रकृती उत्तम असल्याचे लिहिल्याबद्दल, कंपनीचा नकार योग्य ठरवला. याउलट ६ डिसेंबर २०२१ च्या निकालात त्याच न्यायालयाने विमाधारकाच्या बाजूने कौल दिला. त्या प्रकरणात अमेरिकेला गेलेल्या एका प्रवाशाला सॅन फ्रान्सिस्को येथे पोचताच हृदयविकाराचा त्रास होऊन अँजिओप्लास्टी करावी लागली होती. मधुमेहाची माहिती त्याने प्रस्तावपत्रात दिली होती, पण स्टॅटिन गटातील औषध घेत असल्याचे लिहिले नव्हते, असे कंपनीचे म्हणणे होते. प्रस्तावकाने सांगितलेली प्रकृती विचारात घेऊन एकदा विमापत्र दिल्यानंतर, त्याच सांगितलेल्या प्रकृतीचे कारण पुढे करून दावा नाकारता येणार नाही, असे न्यायालयाने म्हटले. हे दोन्ही निकाल एकत्र वाचण्यासारखे आहेत. प्रस्तावपत्र एजंटाने भरले आणि आपण फक्त सही केली, हे स्पष्टीकरण पहिल्या प्रकारच्या प्रकरणात फारसे उपयोगी पडत नाही.

सलग ६० महिने विमा चालू राहिल्यानंतर, सिद्ध झालेल्या फसवणुकीखेरीज, माहिती न दिल्याच्या कारणावरून दावा नाकारता येत नाही. याला अधिस्थगन काळ म्हणतात. २०२४ पूर्वी तो आठ वर्षांचा होता. विम्याची रक्कम मध्येच वाढवली असल्यास वाढीव रकमेपुरता हा काळ वाढीच्या तारखेपासून मोजतात.

विशिष्ट शस्त्रक्रियांचा प्रतीक्षा काळ. मोतीबिंदू, हर्निया, मूळव्याध, पित्ताशयातील खडे, गर्भाशय काढणे, गुडघा बदलणे यांसारख्या शस्त्रक्रियांना, आधीचा आजार असो वा नसो, बहुतेक विमापत्रांत वेगळा प्रतीक्षा काळ असतो. अपघातामुळे शस्त्रक्रिया करावी लागल्यास तो लागू होत नाही. एका कंपनीकडून दुसऱ्या कंपनीकडे विमा वर्ग केला असेल, तर पहिल्या कंपनीकडे घालवलेला काळ जमेस धरला जातो. नकार देताना नव्या कंपनीने फक्त स्वतःच्या विमापत्राची तारीख मोजलेली असणे ही नेहमी आढळणारी चूक असून, जुन्या विमापत्रांच्या प्रती जोडल्यास ती दाखवून देता येते. यासाठी जुनी विमापत्रे रद्दीत न घालणे हाच उपाय.

शस्त्रक्रियेची गरज नव्हती, असा आक्षेप. औषधोपचाराने भागले असते, रुग्णाला दाखल करण्याची आवश्यकता नव्हती, अथवा तो केवळ तपासणीसाठी दाखल झाला होता, अशी ही कारणे असतात. येथे विमापत्रातील शब्दांपेक्षा वैद्यकीय कागद बोलतात. उदाहरणार्थ, मणक्याच्या शस्त्रक्रियेपूर्वी किती महिने औषधे व व्यायामोपचार झाले, पायाच्या संवेदनेत किंवा शक्तीत काय बदल झाला, एमआरआयमध्ये काय दिसले आणि शस्त्रक्रिया लांबवली असती तर काय धोका होता, हे शस्त्रक्रियातज्ज्ञाने स्वतःच्या पत्रावर लिहिणे आवश्यक असते. ‘शस्त्रक्रिया आवश्यक होती’ एवढ्या एका वाक्याच्या प्रमाणपत्राने फेरविचार होत नाही.

सौंदर्यवर्धक किंवा स्थूलतेवरील शस्त्रक्रिया. प्राधिकरणाने २०१९ साली वगळण्यांची भाषा सर्व कंपन्यांसाठी प्रमाणित केली. त्यानुसार सौंदर्यवर्धक शस्त्रक्रिया वगळता येते. परंतु अपघात, भाजणे किंवा कर्करोग यांनंतरची पुनर्रचना आणि वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक उपचारांचा भाग असलेली शस्त्रक्रिया त्यात मोडत नाही. स्तनाच्या कर्करोगानंतरच्या पुनर्रचनेस ‘कॉस्मेटिक’ म्हणून नकार आल्यास या अपवादाचा आधार घेता येतो. स्थूलतेवरील शस्त्रक्रियेसाठीही अटी निश्चित आहेत : वय किमान १८ वर्षे, डॉक्टरांचा सल्ला, आणि शरीर वस्तुमान निर्देशांक ४० किंवा अधिक, अथवा, कमी आक्रमक उपाय अयशस्वी ठरले असल्यास, निर्देशांक ३५ किंवा अधिक आणि त्यासोबत स्थूलतेमुळे उद्भवलेला हृदयविकार, तीव्र निद्राश्वसनरोध किंवा आटोक्यात न येणारा मधुमेह यांसारखा गंभीर विकार. त्याच वर्षी रोबोटिक शस्त्रक्रियेसह बारा आधुनिक उपचारपद्धतींची यादी करून त्या विम्याच्या कक्षेबाहेर ठेवू नयेत असे ठरले. मात्र त्यांवर कंपनी रकमेची उपमर्यादा घालू शकते.

रुग्णालयाचा दर्जा. विम्याच्या व्याख्येप्रमाणे दहा लाखांहून कमी लोकसंख्येच्या गावी किमान १० आणि इतरत्र किमान १५ खाटा, चोवीस तास परिचारिका व डॉक्टर आणि सुसज्ज शस्त्रक्रियागृह असावे लागते. स्थानिक प्राधिकरणाकडे रुग्णालय म्हणून रीतसर नोंदणी असल्यास ती पुरेशी ठरते. तालुक्याच्या ठिकाणच्या लहान नर्सिंग होमच्या बाबतीत हा प्रश्न उद्भवतो. नोंदणी प्रमाणपत्राची प्रत हे त्याचे उत्तर आहे.

अंशतः कपात

पूर्ण नकारापेक्षा कपातीविरुद्ध दाद कमी मागितली जाते, वास्तविक तीही दादपात्र असते. विमाधारकाने पात्रतेपेक्षा महागडी खोली घेतल्यास कंपनी इतर खर्चही त्याच प्रमाणात कमी करते. ही प्रमाणशीर कपात औषधे व उपभोग्य वस्तू, शरीरात बसवलेली उपकरणे आणि निदान तपासण्या यांना लावता येत नाही. अतिदक्षता विभागाच्या आकारालाही लावता येत नाही. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेत कृत्रिम सांध्याचीच किंमत मोठी असल्याने या एका नियमाने रकमेत लक्षणीय फरक पडतो. कपातीचा तक्ता मागवून तो ओळीगणिक तपासल्याशिवाय मात्र ही चूक ध्यानात येत नाही.

नकाराचे पत्र

दादेचा सगळा पाया नकाराच्या पत्रावर असतो. दावा पूर्णतः वा अंशतः नाकारताना विमापत्रातील नेमक्या अटीचा उल्लेख करून कारण कळवणे कंपनीवर बंधनकारक आहे. शिवाय २०२४ च्या परिपत्रकानुसार कंपनीच्या दावा पुनर्विलोकन समितीच्या संमतीशिवाय कोणताही दावा नाकारता येत नाही. दूरध्वनीवरील नकार किंवा ‘अटींनुसार देय नाही’ एवढाच संदेश आल्यास प्रथम सकारण पत्राची मागणी करावी लागते.

या पत्राचे दुसरेही महत्त्व आहे. नकाराच्या पत्रात नसलेले कारण कंपनीला पुढे न्यायाधिकरणासमोर नव्याने मांडता येत नाही, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने २०१६ व २०१९ च्या निकालांत अधोरेखित केले आहे. ती प्रकरणे आरोग्य विम्याची नव्हती, तथापि तत्त्व सर्व विम्यांस लागू पडते. त्यामुळे अर्जदाराने पत्रातील कारणालाच, आणि त्यातील प्रत्येक मुद्द्याला, कागदाने उत्तर द्यावयाचे असते. आपण किती वर्षे हप्ते भरले, आजवर एकही दावा केला नाही, कुटुंबावर कसा प्रसंग ओढवला, ही हकिगत खरी असली तरी तिने कारण खोडले जात नाही. विमापत्रातील एखादी अट संदिग्ध असेल, तर तिचा अर्थ ती लिहिणाऱ्या कंपनीच्या विरुद्ध लावला जातो, हेही प्रस्थापित तत्त्व आहे.

कागदपत्रांत डिस्चार्ज कार्ड, शस्त्रक्रियेचे टिपण, दाखल असतानाचे संपूर्ण केसपेपर, तपासणी अहवाल, देयके व पावत्या, आणि सांधा, भिंग किंवा स्टेंट बसवला असल्यास त्याच्या वेष्टनावरील स्टिकर यांचा समावेश होतो. रुग्णालये केसपेपर देण्यास कधीकधी टाळाटाळ करतात. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या विनियमांनुसार रुग्णाने वैद्यकीय नोंदी मागितल्यास त्या ७२ तासांत देणे आवश्यक आहे आणि अशा नोंदी तीन वर्षे जतन करावयाच्या आहेत.

दाद मागण्याच्या पायऱ्या

प्रत्येक विमा कंपनीत तक्रार निवारण अधिकारी असतो. त्याचा पत्ता विमापत्रावर छापलेला असतो. तक्रारीचा निर्णय दोन आठवड्यांत अपेक्षित असतो. ही तक्रार ईमेलने वा पोचपावतीसह टपालाने करणे हिताचे असते, कारण पुढील मुदती तिच्या तारखेपासून मोजल्या जातात. प्राधिकरणाच्या ‘बिमा भरोसा’ संकेतस्थळावर किंवा १५५२५५ या क्रमांकावरही तक्रार नोंदवता येते. परंतु प्राधिकरण ती कंपनीकडे पाठवून तिचा पाठपुरावा करते. दावा देय आहे की नाही याचा न्यायनिवाडा ते करीत नाही. हे ठाऊक नसल्याने काही अर्जदार तेथील उत्तरालाच अंतिम निकाल समजतात.

विमा लोकपाल ही व्यवस्था १९९८ च्या नियमांनी सुरू झाली आणि सध्या ती २०१७ च्या विमा लोकपाल नियमांनुसार चालते. कंपनीने तक्रार फेटाळली, एक महिन्यात उत्तर दिले नाही किंवा उत्तर समाधानकारक नसले, तर एका वर्षाच्या आत लोकपालाकडे जाता येते. ५० लाख रुपयांपर्यंतच्या मागणीचा विचार होतो. ही मर्यादा २०२३ पूर्वी ३० लाख होती. शुल्क नाही आणि वकिलाची गरज नाही. तक्रार विमाधारक स्वतः, त्याचा वारस किंवा नामनिर्देशित व्यक्ती करू शकते. नोकरीच्या ठिकाणी मिळालेल्या गट विम्याच्या तक्रारीही घेतल्या जातात. सुनावणी दूरदृश्य पद्धतीनेही होते. आवश्यक कागद मिळाल्यापासून तीन महिन्यांत निवाडा द्यावयाचा असतो. तो कंपनीवर बंधनकारक असतो. ३० दिवसांत त्याचे पालन न केल्यास कंपनीला विमाधारकाला दररोज ५,००० रुपये द्यावे लागतात. विमाधारकावर मात्र तो बंधनकारक नसतो आणि तो पुढे ग्राहक आयोगाकडे जाऊ शकतो. याच्या उलट क्रम चालत नाही : तेच प्रकरण न्यायालयात किंवा ग्राहक आयोगात प्रलंबित असेल अथवा तेथे निकाली निघाले असेल, तर लोकपाल ते घेत नाहीत. महाराष्ट्रात मुंबई, ठाणे व पुणे येथे लोकपालांची कार्यालये आहेत; गोव्यातील तक्रारी पुणे कार्यालयाच्या कक्षेत येतात.

ग्राहक आयोगाकडे ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार, दाव्याचे कारण घडल्यापासून दोन वर्षांत तक्रार करता येते. आयोगाची अधिकारिता दाव्याच्या रकमेवर नव्हे, तर दिलेल्या मोबदल्यावर, म्हणजे विम्याच्या बाबतीत भरलेल्या हप्त्यावर ठरते. म्हणून शस्त्रक्रियेचे देयक कितीही मोठे असले तरी व्यक्तिगत विम्याची जवळजवळ सर्व प्रकरणे जिल्हा आयोगातच सुरू होतात, आणि मोबदला पाच लाख रुपयांपर्यंत असल्यास शुल्कही लागत नाही. तक्रारदार जेथे राहतो किंवा नोकरी करतो तेथील जिल्हा आयोगात तक्रार दाखल करता येणे, ही १९८६ च्या जुन्या कायद्यात नसलेली मोठी सोय आहे. आयोग दाव्याच्या रकमेबरोबर व्याज, मानसिक त्रासाची भरपाई आणि खर्चही देऊ शकतो. जिल्हा आयोगाच्या निर्णयाविरुद्ध ४५ दिवसांत राज्य आयोगाकडे अपील करता येते. वेळ मात्र लोकपालापेक्षा पुष्कळ अधिक लागतो. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर आणि मुंबई ग्राहक पंचायतीसारख्या स्वयंसेवी संस्थांकडून तक्रारीसंबंधी मार्गदर्शन मिळते.

शासकीय योजना

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत योजना यांतील नकारासाठी वरील मार्गांहून वेगळी व्यवस्था आहे. महाराष्ट्रात २ जुलै २०१२ रोजी आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावाने सुरू झालेल्या योजनेचे २०१७ साली नामांतर झाले आणि २०२० पासून ती आयुष्मान भारतशी जोडून राबवली जाते. येथेही नियोजित शस्त्रक्रियेस पूर्वपरवानगी लागते. ती नाकारल्यास प्रथम रुग्णालयातील आरोग्यमित्राकडे, तेथे समाधान न झाल्यास १५५३८८ या मदतक्रमांकावर आणि जिल्हास्तरीय तक्रार निवारण समितीकडे दाद मागता येते.

शासकीय सेवेतील निवृत्तांच्या वैद्यकीय प्रतिपूर्तीबाबत सर्वोच्च न्यायालयाचा १३ एप्रिल २०१८ चा निकाल महत्त्वाचा मानला जातो. केंद्र सरकारी आरोग्य योजनेच्या एका निवृत्त लाभार्थ्याने, यादीत नसलेल्या रुग्णालयात हृदयात उपकरण बसवून घेतले होते. रुग्णालयाचे नाव यादीत नाही एवढ्याच कारणावरून प्रतिपूर्ती नाकारता येणार नाही. उपचार प्रत्यक्ष झाले की नाही आणि ते कागदपत्रांनी सिद्ध होतात की नाही हे पाहिले पाहिजे, असे न्यायालयाने म्हटले. हा निकाल खाजगी विम्याच्या करारासंबंधी नसल्याने तेथे तो जसाच्या तसा लागू होत नाही.